बागेत मोसंबी, बशीत मारी बिस्कीट

आमच्या बागेत मोसंबीची २७० झाडं आहेत. पूर्वी याच्या दुप्पट होती. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात बागाच्या बागा वाळून गेल्या, तेव्हा आम्ही टँकर विकत घेऊन निम्मी झाडं कशीबशी जगवली आणि निम्म्यांचं सरपण झालं. त्या उन्हाळ्यात शाळेतून आले की मी हंड्याने एकेका बुंध्याला पाणी घालायचे. हे सांगायचं कारण एवढंच, की त्याच झाडांची मोसंबी मी पुढे मधुमेह निघाल्यावर सात महिने तोंडात घातली नाही. तोड चालू असायची, व्यापारी फळं निवडत बसलेले असायचे, बांधावर ढीग लागलेला असायचा आणि मी बिनसाखरेच्या चहात मारी बिस्कीट बुडवत उभी असायचे.

२०२२ ची दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. तालुक्याच्या गावी आम्हा शिक्षकांची आरोग्य तपासणी होती. तपासणीनंतर पोहे मिळणार होते, म्हणून सगळे खुशीत उपाशीपोटी बसलेलो. माझी शुगर निघाली १६८. उपाशीपोटी १२६ च्या वर म्हणजे मधुमेह, हे मला तिथल्या सिस्टरकडून कळलं. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होती का?" होती. वडिलांना होती. त्यांच्या पायाचा अंगठा काढला तेव्हा मी बारावीला होते. पोहे तसेच ठेवून घरी आले.

जालन्यात दवाखान्यात दाखवलं. जेवणानंतरची शुगर २६४, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ८.९. साडेसहाच्या पुढे मधुमेह धरतात, आणि तो असलेल्या बहुतेकांनी ती सातच्या आत ठेवावी अशी अपेक्षा असते. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० च्या दोन गोळ्या लिहिल्या आणि एक छापील कागद हातात दिला. बाहेर पन्नास माणसं बसलेली. दोन मिनिटांत काम झालं. कागदावर डावीकडे "बंद" आणि उजवीकडे "चालेल" असे दोन रकाने. बंदमध्ये साखर, गूळ, मध, भात, बटाटा, सर्व गोड फळे. चालेलमध्ये भाकरी, पालेभाजी, कारलं, बिनसाखरेचा चहा, मारी बिस्कीट.

मी मास्तरीण आहे. छापलेलं असलं की मला ते खरं वाटतं. त्यात वडिलांचा अंगठा डोळ्यांसमोर. कागद फ्रिजवर चिकटवला आणि घरात जाहीर केलं, आजपासून मला कुणी फळ देऊ नका.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८१. त्यांना हे पटेचना. "फळानं कामून शुगर होईल माय? आम्ही तर उन्हाळाभर आंबे खाऊनच राह्यलो." मी त्यांना कागद दाखवला. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे वाद तिथेच संपला.

आता त्या सात महिन्यांत मी काय खाल्लं ते सांगते. सकाळी चहा आणि चार बिस्किटं. अकरा वाजता स्टाफरूममध्ये पुन्हा चहा, पुन्हा चार बिस्किटं, कारण "चालेल" होतं ना. दुपारी दीड भाकरी, रात्री दीड, कधी दोन. सोमवार आणि चतुर्थीला उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. उपवासाला केळी नाही बरं का, केळी बंद! शिवाय सकाळी अनशापोटी कारल्याचा रस, आणि शेजारच्या काकूंनी आग्रहाने दिलेली जांभळाच्या बियांची पूड. ती पूड मी दोन महिने नेमाने घेतली. तोंडाची चव गेली, बाकी काही हललं नाही.

फेब्रुवारीत एचबीए१सी ८.४. गोळी वाढवली. मे महिन्यात ८.३. एवढं सगळं सोडून, आणि अख्खा मे महिना केसर आंब्यांच्या आढीशेजारून नाक दाबून जाऊन, फेब्रुवारीपासून फायदा किती, तर एका दशांशाचा. रिपोर्ट घेऊन बसस्टँडवर बसले आणि मला रडूच आलं. बाजूची बाई म्हणाली, "कोण वारलं का वो?"

मुलगी पुण्याला असते. तिने फोनवर ऐकून घेतलं आणि जूनमध्ये मला संभाजीनगरला एका आहारतज्ज्ञ मॅडमकडे घेऊन गेली. मॅडम म्हणजे पोरसवदाच, माझ्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. मी पिशवीतून कागद काढायला लागले तर म्हणाली, "काकू, कागद राहू द्या. काल सकाळपासून काय काय पोटात गेलं तेवढं सांगा."

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मग तिने प्रत्येक ओळीपुढे एकेक आकडा टाकला. चार मारी बिस्किटं, १६ ते १७ ग्रॅम कर्बोदके. असे दोन वेळा. आपली मराठवाड्याची भाकरी, ७५ ग्रॅम पिठाची धरली तर एकीत ५० ग्रॅमच्या आसपास. साबुदाणा तर जवळजवळ सगळाच पिष्ट, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८८ ग्रॅम. खिचडीच्या एका ताटलीत ७५ ग्रॅम साबुदाणा सहज जातो, वरून बटाटा. आणि सगळ्यात शेवटी तिने लिहिलं, पेरू, १०० ग्रॅम, कर्बोदके १४, त्यातले पाच ग्रॅम तर नुसता चोथा.

"म्हणजे दुपारची दीड भाकरी म्हणजे पाच पेरू?" मी विचारलं.

"शुगरपुरतं बोलायचं तर साधारण तसंच. भाकरी वाईट नाही काकू. पण तुम्ही पेरूला घाबरलात आणि भाकरीला नाही."

सहावी-सातवीला मी विज्ञान शिकवते. पिष्टमय पदार्थांचं पचन होऊन शेवटी ग्लुकोज बनतं, हे वाक्य मी २० वर्षं फळ्यावर लिहीत आलेय. पोरांना त्यावर प्रश्न घातलेत, चुकलं तर गुण कापलेत. आणि स्वतःच्या ताटावर आल्यावर मात्र "गोड लागतं ते वाईट, गोड लागत नाही ते चांगलं" या हिशेबाने चालले होते. बिस्किटाचा राग मला त्या दिवशी आला तो अजून गेलेला नाही.

मॅडमने काही बंद केलं नाही. मला वाटलेलं नवा कागद मिळेल, आणखी लांबलचक. तिने सांगितलं ते असं: दिवसाला दोन वेळा फळ, एका वेळी १५ ग्रॅम कर्बोदकांपुरतं. रस नाही, फळच, आणि सालीसकट खाता येईल ते सालीसकट. जेवणावर गोड म्हणून नाही. अकराच्या चहा-बिस्किटाच्या जागी, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाण्यांबरोबर. रात्रीची भाकरी एक, आणि भाजी-वरण आधी, भाकरी मागून. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायचं. मग म्हणाली, "तुम्हाला कुठलं फळ किती मानवतं ते मी नाही सांगू शकत, तुमचं रक्तच सांगेल. एक ग्लुकोमीटर घ्या आणि वही घाला." एकदा फळाआधी, मग एका तासाने, मग दोन तासांनी. नुसतं दोन तासांनी बघितलं तर फळाची साखर चढून उतरूनही गेलेली असते, आपल्याला पत्ता लागत नाही.

वही घाला म्हटल्यावर मी हरखलेच. हे मला जमतं.

माझा भाचा अंबडला मेडिकलमध्ये कामाला आहे. त्याच्याकडून मशीन आणलं. मशीनपेक्षा पट्ट्या महाग पडतात, एक पट्टी साधारण वीस रुपयांची, म्हणजे एका फळाची चाचणी साठ रुपये. मोसंबीला बांधावर काय भाव मिळतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की साठ रुपयांचा जीव किती तुटतो. म्हणून रोज नाही, आठवड्याला एकच फळ, आणि तेच फळ पुढच्या आठवड्यात पुन्हा. या मशीनचा आकडा दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, तेव्हा एकदा आलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही, असं भाच्याने बजावलं होतं. स्वयंपाकघरात वजनाचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आला. "सोनं मोजायलीस का पेरू?" आत्याबाईंनी विचारलं.

पहिलं फळ जांभूळ, कारण जून होता आणि शाळेच्या मागेच झाड आहे. सात महिन्यांनंतरचं पहिलं फळ. दहा-बारा जांभळं, मीठ लावून. जीभ जांभळी करून पाचवीच्या वर्गावर गेले तर पोरं हसायला लागली. आकडा वीसने वर गेला आणि दोन तासांत जागेवर आला. ज्याच्या बियांची पूड दोन महिने गिळली त्याचा गर मात्र मी कागदाच्या धाकाने खाल्ला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं.

मग पावसाळ्यात पेरू. आमच्याकडे येतात ते बहुतेक दौलताबादकडचे. १०० ग्रॅमचा पेरू, सालीसकट, बियांसकट: आधी १२२, तासाने १४८, दोन तासांनी १२८. दुसऱ्या वेळीही जवळपास तसंच. वहीत या ओळीखाली मी लाल शाईने रेघ मारलेली आहे. पपईही चांगली निघाली. केळीचं मात्र पिकण्यावर आहे. पिवळंधम्मक, वर काळे ठिपके आलेलं केळं पुरं खाल्लं तर पन्नास-साठने उडी. तेच किंचित कच्चट आणि अर्धं खाल्लं तर निभावतं. कलिंगडाबद्दल मी खूप भीती ऐकली होती, त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचं माप, सत्तरच्या वर आहे म्हणून. पण १०० ग्रॅम कलिंगडात कर्बोदके मुळात आठच ग्रॅम, बाकी पाणी. चार फोडी, मिळून दीडशे ग्रॅम, खाऊन माझं काही बिघडलं नाही. परात भरून खाल्लं तर बिघडेल, आणि कलिंगड घरात आलं की चार फोडींवर थांबणं ही वेगळीच परीक्षा आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सीताफळं आली. बीड-बालाघाटाच्या डोंगरातली, लहान, भरपूर बियांची आणि विलक्षण गोड. सीताफळात १०० ग्रॅमला २० ते २४ ग्रॅम कर्बोदके, म्हणजे पेरूच्या दीडपट. माझा आकडा १२८ वरून १८६. पुढच्या आठवड्यात अर्धंच खाल्लं तर १६० च्या आत राहिलं. म्हणून सीताफळ अर्धं, आणि अर्ध्या सीताफळाला अर्धा तास लावायचा. एकेक पाकळी, एकेक बी.

याच सीताफळाने मला एक दिवस घाम फोडला.

नातू आला होता. त्याला सीताफळ रबडी हवी होती, म्हणून मी दुपारभर गर काढत बसले. परातीत फळं फोडायची, हाताने बिया वेगळ्या करायच्या, मनगटापर्यंत चिकट. मी स्वतः एक पाकळीही खाल्ली नव्हती, खरंच. चार वाजले, चाचणीची वेळ झाली म्हणून पदराला हात पुसले, बोटाला स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचलं. मशीनवर आकडा आला ३८१.

मी ओरडले. हे बागेतून धावत आले. आत्याबाईंनी खंडोबाला हाक मारली. यांनी मोटारसायकल काढली, मी आधार कार्ड शोधायला लागले, आणि तेवढ्यात मुलीने फोन लावून भाच्याला विचारलं. त्याने मला फोन द्यायला सांगितला. "मावशी, चक्कर येतेय का? तहान लागलीय? लघवीला सारखं होतंय?" नाही. "हात धुतलेत का?"

स्पिरिट लावलंय ना, मी म्हटलं.

"स्पिरिट नाही. पाण्याने, साबणाने. धुवा, पुसून कोरडे करा आणि दुसऱ्या बोटातून घ्या."

नळाखाली हात धुतले. १४९.

बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळली होती, आणि थेंब तो केवढा असतो, मोहरीएवढा. त्यात सीताफळाच्या गराचा नुसता माग राहिला तरी मशीनच्या लेखी तुमचं रक्त पाकासारखं. नंतर मुलीने शोधून काढलं की जपानमध्ये २०११ साली डॉक्टरांनी हेच करून बघितलं होतं. मधुमेह नसलेल्या माणसांना संत्रं, द्राक्षं, किवी सोलायला लावली आणि हात न धुता बोट टोचलं. त्यांचेही आकडे भलतेच वर गेले. स्पिरिटचा बोळा पाचदा फिरवूनही भागलं नाही, पाण्याने हात धुतल्यावर मात्र खरा आकडा आला. हे दवाखान्यात, मेडिकलवर, मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत असायला हवं. इन्सुलिन घेणाऱ्या कुणी असल्या आकड्यावर विश्वास ठेवून जास्तीचा डोस टोचून घेतला तर काय होईल? वहीत त्या दिवसाच्या पानावर मी ३८१ लिहून खोडलेलं नाही, तसंच ठेवलंय. बाजूला लिहिलंय, "हे माझं नाही, सीताफळाचं."

आता मोसंबी. खरं तर इथून सुरुवात करायला हवी होती, पण मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवली होती. आंबिया बहाराची तोड चालू झाली, तेव्हा एक दिवस सकाळी अकराला मी बागेतच जाऊन बसले. यांनी झाडावरचं फळ तोडून दिलं. सुरी नव्हती, नखानेच सोललं. एका मोसंबीत धरा दहा ग्रॅमच्या आसपास साखर. फोडींवरचा पांढरा पडदा काढायचा नाही, चोथा थुंकायचा नाही, असं मॅडमचं बजावणं. आमच्याकडे तर लहानपणापासून रस चोखून चोथा फेकायची सवय, त्यामुळे चावत बसायला कंटाळा आला, पण खाल्लं. मग विहिरीवर हात धुतले, साबण पिशवीत नेला होता. आधी १२६, तासाने १५८, दोन तासांनी १३४. दीड वर्षाच्या लेकराला घास भरवल्यावर आई जशी बघते तसे हे मशीनकडे बघत होते. "बसली का गणितात?" म्हणाले. बसली.

पण आमच्या घरात मोसंबी म्हणजे मुळात रस. पाहुणा आला की रस, आजारी पडलं की रस, कुणाला दवाखान्यात भेटायला जायचं तर थर्मासमध्ये रस. तेव्हा पुढच्या आठवड्यात रसाचीही चाचणी लावली. एक ग्लास भरायला तीन-चार फळं लागली. साखर घातली नाही, मीठही नाही. १३१ वरून तासाने २१९. झाड तेच, तोडही त्याच दिवशीची. तीन-चार मोसंब्या सोलून, चावून खायच्या तर मला अर्धा तास लागला असता आणि दुसरीनंतर पोट भरलं असतं. रस मी उभ्या उभ्या वीस सेकंदांत पिऊन ग्लास विसळला होता. अमेरिकेत लाखभराहून जास्त आरोग्यसेवकांच्या खाण्यापिण्याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवून २०१३ मध्ये जो निष्कर्ष निघाला, तो याच वाटेवरचा होता. अख्खी फळं, त्यातही द्राक्षं-सफरचंदासारखी, जास्त खाणाऱ्यांमध्ये टाइप टू मधुमेह कमी दिसला आणि रस जास्त पिणाऱ्यांमध्ये जास्त.

रस अगदीच टाकाऊ असंही नाही. आमच्या शाळेतले एक सर ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेतात. एकदा उपवास असताना प्रार्थनेला त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. माझ्या पर्समधल्या मशीनवर ५८ आले. ७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जायला हवी आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघायला हवं. त्या दिवशी अर्धा ग्लास मोसंबीचा रसच कामाला आला. तिथे पेरू चावत बसून भागलं नसतं. आणि माझ्या वहीची झेरॉक्स मागायला दुसऱ्या एक मॅडम आल्या, त्यांना मी दिली नाही. त्यांना किडनीचा त्रास आहे, डॉक्टरांनी पोटॅशियमसाठी केळी, मोसंबी, नारळपाणी सांभाळायला सांगितलंय. माझी लाल रेघ त्यांच्या कामाची नाही.

जानेवारीत वेळ अमावस्येला माहेरी गेले. माहेर औशाकडे. तिकडे त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि शेजारच्या रानातली माणसं हाताला धरून आपल्या पंगतीला नेणार. माझी भावजय वाढायला लागली की हात आखडत नाही. "खावा की आक्का, एका दिसानं काय हुतंय!" मी तिथेही काटेकोर राहिले असं म्हणणार नाही. एवढंच केलं की आधी वाटीभर भज्जी खाल्ली. भज्जी म्हणजे काय, तूर, वाटाणे, हरभरा, वाल, पालेभाज्या, सगळं त्यात. मग एकच उंडा. आणि नंतर बांधाबांधाने फिरत ओंजळभर बोरं. दोन तासांनी १५२. मशीन विहिरीच्या काठावर ठेवून टोचत बसले तर गावातल्या सहा-सात बायका जमल्या आणि सगळ्यांनी बोटं पुढे केली. सहा पट्ट्या गेल्या, म्हणजे १२० रुपये. त्यातल्या एकीची २४१ निघाली. तिला माहीतच नव्हतं. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात वाचलं होतं. त्यातली एक त्या बांधावर, पदर खोचून, हातात उसाचं कांडं घेऊन उभी होती. तिला लातूरला तपासणीला पाठवलं.

हार कुठे झाली तेही सांगते. मे महिन्यात जावई आले. आमरस-पुरणपोळीचा बेत. केसर आंब्याच्या दोन फोडी, शंभर ग्रॅमपर्यंत, भाकरीऐवजी खाल्ल्या तर माझं जमतं, हे वहीत आधीच लिहिलेलं होतं. पण रस वाटीत असतो, त्याला फोडी नसतात. दोन वाट्या रस, दोन पुरणपोळ्या, त्यावर तूप. तासाने २८७. हात तीनदा धुवून बघितलं. २८७ च होतं.

त्या रात्री खूप चालले, दोन वेळा शिवारात जाऊन आले, आणि सकाळी वहीत प्रामाणिकपणे लिहून टाकलं.

एचबीए१सी मधल्या काळात ७.४ झाली, पुढच्या उन्हाळ्यात ६.९. हे फळांनी झालं असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. गोळी चालू आहे, बिस्किटं गेली, साबुदाणा गेला, रात्रीची भाकरी एकावर आली, चालणं वाढलं. फळांनी एवढंच केलं की ती परत येऊनही काही वाईट झालं नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ साली नव्याने मधुमेह निघालेल्या ६३ जणांचे दोन गट केले होते. एकाला सांगितलं दिवसाला दोनच्या वर फळं नकोत, दुसऱ्याला सांगितलं दोन तरी खाच. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या एचबीए१सीत फरक नव्हता. मुलीने हे वाचून दाखवलं तेव्हा मला माझे सात महिने आठवले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत तर सर्वसाधारण माणसाच्या दिवसाच्या ताटात १०० ग्रॅम फळ धरलेलंच आहे. बिस्कीट त्यात कुठे दिसलं नाही.

मध्यंतरी जालन्याच्या त्या डॉक्टरांकडे गेले होते. वही नेली, थोडी भांडायच्या तयारीनेच. त्यांनी पानं उलटली, सीताफळाचं पान वाचून हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, तुम्ही काट्यावर वजन करता. मी फळं खा म्हणालो की माझा पेशंट घरी जाऊन डझनभर केळी खातो आणि डॉक्टरनी सांगितलं म्हणतो. प्रत्येकाला अर्धा तास कुठून देऊ?" माझी तयारी तिथेच ढिली पडली. बाहेर त्या दिवशीही पन्नास माणसं होती. तरी उठताना मी म्हटलंच, कागदावरचं मारी बिस्कीट तेवढं काढा. "नवीन छपाईत बघतो," म्हणाले.

परवाची गोष्ट. रात्री जेवून दोन तास झाले होते. मी मशीन काढलं तर हे शेजारी येऊन बसले. दोन वर्षं मला "सोनार" म्हणून चिडवणारा माणूस, बोट पुढे करून म्हणाला, "माझी पण बघ की एकदा." हात धुवून या म्हटलं. गेले, धुवून आले, धोतराला पुसले. परत पाठवलं, स्वच्छ पंच्याला पुसायला लावले. १७१.

काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "वहीत पानं शिल्लक आहेत का?"

वही उलटी केली, मागच्या पानावर त्यांचं नाव घातलं, तारीख टाकली आणि खाली पहिली नोंद केली: जेवणानंतर दोन तास, १७१, हात धुवून.